कोजागिरी ते त्रिपुरी: गाडीतले घाटमुक्काम

गाडीतच झोपायची सोय करून आम्ही दोघं नवरा-बायको घाटांत फिरायला निघतो ते कोजागिरी झाल्यावर. परतीचा पाऊस आटोपला की घाटात पडलेली माती-दरड उचलून झालेली असते, धबधब्यांवरची गर्दी ओसरलेली असते आणि थंडी अजून बोचायला लागलेली नसते. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावायला कोल्हापुरात परत यायचं, हे ठरलेलं. मधल्या महिन्यातले दिवाळीचे दिवस लेकीचे आणि नातवंडांचे. उरलेले आमच्या दोघांचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीचा बराच काळ गगनबावडा आणि राधानगरी तालुक्यांतल्या वाड्यांवर गेला. आमचे हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, लेथवर. माझी डोंगराशी ओळख होती ती एसटीच्या वेळापत्रकाची, म्हणजे सकाळची गाडी गाठायची आणि संध्याकाळची चुकू द्यायची नाही. दुपारनंतरचा डोंगर, रात्रीचा डोंगर मी नोकरीत कधी निवांत पाहिलाच नाही. निवृत्तीनंतर तो पाहायचा, आणि कुणाच्या लग्नकार्याला जाता जाता नव्हे, तर मुद्दाम तिथं राहून, असं मनात होतं.

मोठ्या कॅराव्हॅनचा, म्हणजे आत राहायची सगळी सोय असलेल्या गाडीचा, विचार आम्ही फार केला नाही. पैशाचा भाग होताच, पण त्याहून मोठं कारण रस्ते. वाड्यांकडच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की आपलं एक चाक साइडपट्टीवर उतरवावंच लागतं. तिथं लांब-रुंद गाडीचा उपयोग नाही. म्हणून पाच सीटची मारुती ईको घेतली. वापरलेली, पण एका हाताची.

गाडी आल्यावर यांनी आधी कायदा समजून घेतला, मग पाना हातात धरला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणीची माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठासून सांगितलं. त्यामुळं आम्ही सीट काढून टाकली नाही, पत्रा कापला नाही, टपाला भोक पाडलं नाही. जे केलं ते सगळं सुटं, उचलून बाहेर ठेवता येईल असं.

मागची सीट पुढं दुमडली की जी जागा होते तिच्यावर तीन घड्यांची प्लायची फळी बसते. फळीला अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे पाय, आणि ते आवळायला विंगनट, म्हणजे कान असलेले नट. पाना लागत नाही, अंधारात नुसत्या बोटांनी आवळता येतात. यांचा आग्रह होता की हे काम मलाही एकटीला जमलं पाहिजे. माझ्या बोटांत आता पूर्वीसारखा जोर नाही, म्हणून उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून यांनी त्या नटांचे कान मोठे करून घेतले. फळीवर कापसाची गादी. फोमची गादी आम्हाला दोघांनाही सोसत नाही.

दिवे, छोटा पंखा आणि मोबाइलसाठी वेगळी बॅटरी आहे. इंजिन चालू असताना ती गाडीच्या बॅटरीबरोबर भरते आणि इंजिन बंद झालं की मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, दोघींना तोडतो. त्यामुळं रात्रभर पंखा चालला तरी सकाळी स्टार्टर फिरतोच. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी मात्र झोपायच्या जागेत ठेवायची नाही. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आम्ही पूर्ण बंद, लिथियमवाली घेतली. ती महाग पडली, पण तिथं काटकसर करायची जागा नव्हती. गॅसचंही तसंच. पाच किलोची टाकी आणि एक शेगडी बरोबर असते, पण स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर, आणि झोपण्याआधी रेग्युलेटर काढून ठेवायचा.

सगळं सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेली. नोंदणी पुस्तकात जेवढं वजन चालतं म्हणून लिहिलेलं असतं त्याच्या बऱ्याच खाली राहायचं, असं यांनी ठरवलं होतं. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे चाळीस किलो तिथंच गेले. मग माझा बिडाचा तवा घरी राहिला आणि यांची अर्धी हत्यारंही घरी राहिली. काट्यावरचा माणूस हसत म्हणाला, "काकू, ऊस परवडला, तुमचा संसार जड हाय!"

आता शौचालयाचं. आमच्या वयाच्या बायकांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो आणि विचारायला त्या लाजतात, म्हणून नीट लिहिते. माझे गुडघे वाकत नाहीत. उघड्यावर जाणं मला जमणारही नाही आणि पटणारही नाही. मेडिकलच्या दुकानात आजारी माणसांसाठी घडीची कमोड खुर्ची मिळते, ती घेतली. तिच्या भांड्यात जाड पिशवी आणि पिशवीत लाकडाचा भुसा. भोवती उभं करायला कपडे बदलायचा उंच, अरुंद तंबू. पिशवी घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात टाकायची आणि पुढं ज्या घरी किंवा ढाब्यावर शौचालय असेल तिथं विचारून रिकामी करायची. हे सगळं रात्रीपुरतं आणि अडचणीपुरतं. सकाळी बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरचं शौचालय मिळतं, कारण मुक्कामच आम्ही माणसांच्या जवळ करतो.

या प्रवासात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुक्काम. परदेशात अशा गाड्यांसाठी ठरलेले तळ असतात, तिथं वीज आणि पाणी जोडून घेता येतं. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण आम्ही ज्या आडवाटांनी जातो तिथं आम्हाला असा तळ लागला नाही. शिवाय डोंगरात रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. ती कुणाची तरी गवताची पड असते, कुणाचं खळं असतं, देवराई असते, नाहीतर वनखात्याची हद्द असते. म्हणून चार वाजले की आम्ही पुढं जाणं थांबवतो आणि जागा मागायला लागतो. उजेड असेपर्यंत मागायची. अंधार पडल्यावर दारात उभं राहिलेल्या अनोळखी माणसाला कोण कशाला हो म्हणेल?

मागायचीही रीत आहे. गाडी लांब उभी करायची, दोघांनी उतरून चालत जायचं, गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, एकच रात्र म्हणून सांगायचं. चूल कुठं मांडली तर चालेल, पाणी कुठून घ्यायचं, तेही आधीच विचारायचं. देऊळ असेल तर पुजाऱ्याला, शाळेचं पटांगण असेल तर मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, पण रिकामी आहे म्हणून फाटक उघडून आत शिरायचं नाही. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं, "ऱ्हावा की! पर गाडीत कशाला झोपताय, घरात या." ते घरात न जाणं समजावून सांगायलाच जास्त वेळ लागतो.

मोठ्या फेरीआधी आम्ही एक रात्र पन्हाळ्यावर काढली, ओळखीच्या लॉजच्या आवारात. घरापासून वीस-बावीस किलोमीटर, काही अडलं तर तासाभरात परत. कळलं ते असं, की खिडक्या पूर्ण लावून दोन माणसं झोपली की काचांना आतून घाम येतो आणि पहाटे गादीची कड ओली लागते. मग दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवायच्या, आणि डास येऊ नयेत म्हणून त्यांना जाळी. दाराच्या पत्र्याला चिकटतील अशी कडेनं लोहचुंबक शिवलेली जाळी आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं करून दिली. आजवर एवढी उपयोगी वस्तू गाडीत दुसरी आली नाही.

आमची आवडती वाट राधानगरीवरून. भोगावतीच्या काठानं जाताना दोन्ही बाजूंना ऊस, आणि राधानगरी जवळ आली की भाताची खाचरं. ऑक्टोबरच्या शेवटी कापणी जोरात असते. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण तेव्हा काठोकाठ भरलेलं असतं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, ते बघायला तेव्हा झुंबड उडते. आम्ही जातो तेव्हा दरवाजे मिटलेले असतात आणि काठावर आमच्याशिवाय एखादा गुराखी. मला धरण असंच आवडतं.

एक मुक्काम मात्र आम्ही दर फेरीला करतोच, तो गुऱ्हाळावर. गुळाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि गुऱ्हाळघर रात्रभर जागं असतं. उजेड, ऊब, माणसं आणि पाणी, सगळं एका जागी. वाट्टेल तिथं गाडी लावण्यापेक्षा ही जागा मला कितीतरी सुरक्षित वाटते. अशाच एका रात्री आम्ही जेवून गेलो होतो, पण झोप कुणाला येणार? चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, वाळल्या चिपाडांचा जाळ धडधडत होता. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस चढला तसा गूळ करणारा गुळव्या भेंडीच्या झाडाचं चेचलेलं पाणी घालून वर येणारी मळी काढत राहिला. मळी काढून संपेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. मग रसाचा रंग बदलायला लागला, बुडबुडे मोठे आणि जड झाले. त्यानं फळीच्या टोकाला थोडा पाक घेतला, थंड पाण्यात सोडला, बोटांनी वळून गोळी होते का बघितली आणि नुसती मान हलवली. त्या मानेसरशी चौघांनी काहिल उतरवून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. हे माझ्या शेजारी उभे होते. भट्टीतलं ओतकाम यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणाले, "तापमान मोजायला आमच्याकडं यंत्र होतं. ह्याच्याकडं बोटं आहेत." सकाळी निघताना मालकानं गरम काकवीची बाटली दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पण त्याच हंगामामुळं एक नियमही आम्ही पाळतो. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही. ऊस भरलेल्या ट्रॉल्या, एकामागं एक दोन-दोन, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर मळलेला. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि अंधारात तो दिसतो तेव्हा ब्रेकला वेळ नसतो. कोल्हापूर, सांगलीत राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरून फिरायला येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

राधानगरीच्या पुढं दाजीपूर. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल आज राधानगरी अभयारण्याचा भाग आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत आली त्यांत कास, कोयना, चांदोली यांच्याबरोबर राधानगरीही आहे. अभयारण्यात स्वतःची गाडी लावून रात्र काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही हद्दीबाहेर एका घराच्या अंगणात राहिलो. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून लेकीला राधानगरीतूनच सांगून ठेवलं होतं की उद्या दुपारी घाटाखाली फोंड्यात उतरल्यावर फोन करू. हे रोजचं आहे. कुठं आहोत आणि पुढचा फोन किती वाजता, एवढं तिला कळवल्याशिवाय आम्ही रेंजच्या बाहेर जात नाही.

पहाटे निघालो आणि पहिल्याच वळणावर गवा. रस्त्याच्या मधोमध आडवा. यांनी गाडी जागच्या जागी थांबवली, इंजिन बंद केलं, दिवे मालवले. हॉर्न नाही, मोबाइल नाही, दार उघडणं तर नाहीच. नराचं वजन टनाच्या घरात जातं, आमची भरलेली ईको त्याला जड नाही. धुक्यात आधी फक्त गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसत होते, वरचं काळं अंग मागाहून उमटलं. त्यानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं आणि जोरात श्वास सोडला. मागून झाडीतून आणखी माद्या उतरल्या, त्यांच्यात तांबूस रंगाचं एक पिल्लू. सगळा कळप ओलांडून गेला तरी नर उभाच. मग तोही गेला. त्यानंतर बराच वेळ हे किल्लीला हात लावेनात. मी डबा उघडून दशमी दिली तेव्हा कुठं बोलले.

देवगड-निपाणी मार्ग दाजीपूरहून फोंडा घाटानं कोकणात उतरतो. उतरताना यांचा नेम पक्का: ज्या गिअरात हा घाट चढावा लागला असता, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात, तेल उकळायला लागतं आणि पेडल पोकळ होतं, दाबलं तरी ब्रेक धरत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या गिअरात इंजिनाचाच आवर. मागची गाडी घाई करायला लागली की जागा बघून बाजूला घ्यायचं आणि तिला जाऊ द्यायचं. चढणाऱ्या गाडीला वाट आधी द्यायची, हा तर नियमच आहे, तरी घाटात तो पाळणारे थोडे. त्या दिवशी मधल्या एका वळणावर ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा वास आला. आमच्या गाडीचा नव्हता. पुढं एक मालवाहू टेंपो कडेला उभा होता, चाकांतून धूर येत होता आणि पोरसवदा ड्रायव्हर चाकावर पाणी ओतायच्या बेतात होता. हे धावतच गेले. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तडा जातो. त्याला थांबवलं, चाकांना दगड लावायला लावले आणि अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. मी चहा केला. "आजोबा, मालक फोनवर फोन करतोय," असं तो सारखं म्हणत होता. शेवटी यांनी त्याच्या मालकाशी बोलून गाडी का थांबलीय ते समजावलं, आणि मगच त्याला सोडला.

कणकवली, सावंतवाडी करत आंबोलीला चढलो. कोकणातला उकाडा अंगावर असताना वर पोचलो आणि शाली काढाव्या लागल्या. आंबोलीत गाडीला धोका म्हणजे माकडं. खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही आणि काच उघडी टाकून दहा पावलंही जायचं नाही. हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाजवळ कुंडातले मासे बघितले. तिथला एक छोटा मासा शास्त्राला नवा निघाला, त्याला नदीचंच नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाचे म्हणून इथले मासे कुणी धरत नव्हतं, त्यामुळंच ते टिकले असतील. आमच्या वाड्यांवरच्या देवरायाही अशाच राहिल्या आहेत. शाळेत असताना हे पोरांना दाखवायला आणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला तिथं फार वाटलं.

आजऱ्यात तिथला वासाचा घनसाळ तांदूळ घेतला. नवं भात अजून खळ्यावर होतं, म्हणून जुन्यातला घेतला. रात्री रामतीर्थाजवळच्या वस्तीत विचारून गाडी लावली आणि नुसता भात, तूप, मेतकूट एवढंच जेवण केलं. शिजताना जो वास सुटतो त्यानं शेजारच्या घरातली आजी बाहेर आली. म्हणाली, "घनसाळ न्हवं? पाणी जादा घातलंस बघ." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः करून दाखवला.

दिवाळीनंतरची छोटी फेरी गगनबावड्याची. तिथं करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट एकाच ठिकाणाहून सुटतात. करूळ घाट २०२४ साली कामासाठी बंद होता, त्यामुळं निघण्याआधी चौकशी करायची सवय लागली आहे. पण आम्ही तिथं घाट उतरायला जात नाही. ज्या वाडीत मी नोकरीची पहिली वर्षं काढली, तिच्या शाळेसमोर गाडी लावतो. खळ्यावर भात झोडपत असलेला एकजण पेंढी तशीच धरून आमच्याकडं बघत राहिला. "बाई?" म्हणाला. माझ्या वर्गातला. डोक्यावर अर्धे केस पांढरे. त्यानं यांच्या हातातून पाण्याचा कॅन काढून घेतला, पोराला हाक मारली आणि बायकोला आत सांगायला धावला. त्या रात्री मात्र गाडीत झोपणं कुणालाच समजावून सांगता आलं नाही. आम्ही त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात झोपलो, आणि त्याचा नातू आमच्या गाडीत, हट्ट करून.

यंदा आंबा घाटाकडं जायचं ठरतंय. मलकापूरच्या पुढं राहायला जागा कुठं मिळेल ते मी फोन करून विचारते आहे. पावनखिंडीपर्यंत गाडीतून उतरून किती चालावं लागेल आणि पायऱ्या किती, तेही आधी कळायला हवं, कारण गुडघे डॉक्टरांना दाखवून मगच मी जायचं की नाही ते ठरवणार आहे. यांनी दरम्यान फळीचे पाय दोन इंच उंच करून घेतलेत, म्हणजे कमोड खुर्चीची घडी खाली सरळ सरकेल. पुढचे दोन टायर बदलायचे आहेत, ते दसऱ्याच्या आत.